जठर काढल्यावर घास जातो कुठे?

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी एका बाईच्या जठराचा कर्करोगाने धरलेला खालचा भाग काढला आणि उरलेलं जठर लहान आतड्याच्या तोंडाशी शिवलं. त्याआधी पेआँ आणि रिडिगियर यांनी हीच शस्त्रक्रिया केली होती, पण त्यांचे रुग्ण दगावले. ही बाई शस्त्रक्रियेतून सावरली; मात्र रोग पसरलेला होता, काही महिन्यांतच ती गेली.

१८८५ मध्ये बिलरोट यांनी दुसरी पद्धत वापरली. आतड्याचं तोंड बंद करून जठर पुढच्या वळणाला जोडायचं. गाठ मोठी असली तरी टाके ताणले जात नाहीत, ही तिची सोय. पण पित्त थेट जठरात उतरतं, ही तिची खोट. लोझानच्या सेझार रू यांनी १८९० च्या दशकात त्यावर उपाय काढला. आतडं कापून खालचं टोक वर घ्यायचं आणि पित्त आणणारं टोक बरंच खाली जोडायचं. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी ही जोडणी.

१८९७ मध्ये झुरिकला श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढलं. रुग्ण वर्षभराहून अधिक जगली. जठराविना जगता येतं हे सिद्ध झालं. नीट जेवता येतं का, हा प्रश्न मात्र राहिला. अन्ननलिका साध्या वळणाला जोडली की पित्त वर चढतं, छाती जळते, आडवं होणं नकोसं वाटतं. म्हणून १९४० च्या दशकापासून इथेही रू यांची जोडणी रुजली. वर घेतलेला भाग साधारण ४० ते ६० सेंटिमीटर ठेवला की पित्त अन्ननलिकेपर्यंत पोचत नाही.

१९५० च्या दशकात सर्जन आणखी पुढे गेले. कोणी आतडं दुमडून पिशवी शिवली, कोणी अन्न मूळ वाटेनेच जावं म्हणून मध्ये आतड्याचा तुकडा बसवला. पुढच्या तुलनांमध्ये पिशवीने जेवणाचं प्रमाण आणि जेवणानंतरची घेरी-घाम यांत फायदा दाखवला. मूळ वाट राखण्याचा लाभ तितका ठळक दिसला नाही. बरं होऊन वर्षानुवर्षं जगणार असलेल्या रुग्णासाठी पिशवीचा विचार व्हायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं. जगभर मात्र साधी ‘वाय’च सर्वाधिक केली जाते. तिला वेळ कमी लागतो, टाकेही कमी.

अलीकडे जपान-कोरियात वरच्या भागातला कर्करोग लवकर सापडला तर खालचं जठर राखून अन्नाला दुहेरी वाट ठेवतात: काही थेट आतड्यात, काही उरलेल्या जठरातून. त्यामुळे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव कमी भासते.

संपूर्ण जठर गेलेल्यांना मात्र, जोडणी कोणतीही असो, हे जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास उशिरा दिसतो. घरात असा रुग्ण असेल तर तो ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं इंजेक्शन चुकवू देऊ नका.