गावाला नाव दिलं, क्वीन्सलँडला घाम फोडला

यवतमाळहून धामणगावकडे निघालं की वाटेत बाभुळगाव लागतं. काळी जमीन, पऱ्हाटी, तालुक्यातून वाहणारी बेंबळा. गावाच्या नावातच बाभूळ, त्यामुळे तिचं अप्रूप इथे कुणाला नाही. पण हीच बाभूळ ऑस्ट्रेलियात सरकारने देशपातळीवरच्या घातक तणांच्या यादीत घातली आहे!

तिला तिथे नेलं माणसानेच, तेही सावलीसाठी. 1890च्या दशकात ती क्वीन्सलँडला पोचली. उघड्या माळावर मेंढ्या उन्हाने हैराण व्हायच्या, म्हणून 1926 मध्ये तिथल्या कृषी खात्याने सावलीचं झाड म्हणून तिची शिफारस केली. झाडं फोफावली, मेंढ्या सावलीत बसल्या, शेंगाही खाऊ लागल्या. सगळं छान. मग पावसाची चांगली वर्षं आली आणि रोपांचं रान माजलं. 1957 मध्ये त्याच क्वीन्सलँडने तिला उपद्रवी तण ठरवलं. आज तिथे साठ लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर बाभूळ पसरली आहे. आपला अख्खा यवतमाळ जिल्हा साडेतेरा लाख हेक्टरांचा. म्हणजे असे चार जिल्हे बाभळीने भरले, तरी थोडी उरेल.

खरी गंमत शेंगेत आहे. मेंढी आणि बकरी शेंग खाताना बहुतेक बी चावून संपवतात. गायीच्या पोटातून मात्र बरंचसं बी जिवंत बाहेर पडतं, वर शेणाचं खत सोबत! लोकरीचा धंदा बसल्यावर तिथल्या पशुपालकांनी मेंढ्या कमी करून गायी वाढवल्या आणि बाभळीला फुकटात पेरणारे मिळाले.

इंडोनेशियातही तेच. जावा बेटावरच्या बालुरान अभयारण्यात गवताचा वणवा शेजारच्या सागवानात शिरू नये म्हणून 1969 मध्ये बाभळीची हिरवी भिंत लावली. ती भिंत गवताळ माळावरच चालून गेली आणि बांटेंग या रानगुरांची चराई आक्रसली.

मग आपल्या शिवारात ती अशी का माजत नाही? कारण इथे तिला खाणारे, तोडणारे, वापरणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बकऱ्या शेंगा खातात, भुंगे बी पोखरतात, खवले कीड रस शोषते. बाकीचं माणूस नेतो: बंडीच्या चाकाला आणि वखर-डवऱ्याला लाकूड, चुलीला जळण, दात घासायला काडी, कातडं कमवायला साल. वऱ्हाडात इंग्रजी अमदानीत वनखातं बाभुळबनं मुद्दाम राखायचं, इतकी तिची गरज होती. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ तर तिचे शत्रू शोधत भारतात आले. कोइम्बतूरच्या वनसंशोधन संस्थेच्या मदतीने त्यांनी तमिळनाडूतली खवले कीड निवडली आणि ती चाचणीसाठी ब्रिस्बेनला नेली.

एक नावाची गोष्टही सांगायलाच हवी. ‘अकेशिया’ हे शास्त्रीय नाव मुळात बाभळीचं. 2005 मध्ये व्हिएन्नाला झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत ते मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या तिच्या भाऊबंद झाडांना द्यायचं ठरलं, 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि आपली बाभूळ ‘वॅचेलिया’ झाली. मला हा निर्णय आजही पटलेला नाही.

धुऱ्यावर लावायची तर रामकाठी निवडा. तिच्या फांद्या खराट्यासारख्या सरळ वर जातात, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते. बकऱ्यांच्या बसण्याला दाट सावली हवी असेल तर पसरणारी बाभूळ बरी. ती भर उन्हाळ्यातही सहसा पूर्ण उघडी पडत नाही. बी कुठून आणायचं? बकऱ्यांच्या गोठ्यातून! रवंथ करताना बकरी जे मोजकं बी थुंकते, त्याचं कठीण कवच आधीच मऊ झालेलं असतं. ते नसेल तर उकळून जरा निवलेल्या पाण्यात बी रात्रभर भिजवा आणि पहिल्या पावसानंतर थेट जागेवर टोबा. जागा उन्हाचीच हवी. दुसऱ्या झाडाखाली बाभूळ वाढत नाही.

आपल्याकडे जपून राहायचं आहे ते सुबाभळीपासून. नावात बाभूळ असली तरी ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. 1970च्या दशकापासून चाऱ्यासाठी तिचा महाराष्ट्रात मोठा प्रसार झाला. चारा उत्तम, वाढ झपाट्याची, पण जगातल्या सर्वांत घातक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचंही नाव आहे. नुसती तोडून ती मरत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. तेव्हा धुऱ्यावर सुबाभूळ असेल तर तिच्या शेंगा तपकिरी होऊन तडकायच्या आत फांद्या छाटा आणि बकऱ्यांपुढे टाका.