पाटी, दगड आणि कर्जखत

शिक्षकमित्रहो, जगाचा इतिहास शिकवायला घेतला की मुले पहिल्याच तासाला जांभया देऊ लागतात, असे तुम्ही सांगता. त्यात मुलांचा काय दोष? बाबिलोन, अथेन्स, रोम अशी नावे आणि त्यांच्या सनावळ्या डोक्यावर लादायच्या, आणि मुलांनी हसतमुख राहायचे, हे जमावे कसे? त्याऐवजी एक प्रश्न वर्गात टाकून पाहा. पाऊस दडी मारतो, पीक बुडते. मग सावकाराचे देणे कोणी सोसायचे? खेड्यातल्या मुलाला हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही.

बाबिलोनच्या हम्मुराबी राजापुढे हाच प्रश्न होता. इ. स. पूर्व १७५० च्या सुमारास त्याने काळ्या दगडावर कोरवलेले कायदे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. तिकडे कर्जाचा करार मातीच्या पाटीवर लिहीत. ४८ वे कलम सांगते की पुराने किंवा अवर्षणाने पीक गेले, तर ऋणकोने त्या साली धान्य देऊ नये. पाटी भिजवून करार बदलावा, आणि त्या सालचे व्याजही देऊ नये. वाहवा! पण ११७ वे कलम वाचले की आपण दचकतो. कर्जापायी बायकामुले विकली असतील, तर त्यांनी तीन वर्षे राबावे, चौथ्या वर्षी सुटावे. राजाने मुदत घातली खरी, पण माणूस गहाण पडतो हे काही त्याला खटकले नाही.

ते खटकले अथेन्सच्या सोलोनला. तिथे गरीब शेतकऱ्याच्या अडकलेल्या जमिनीवर दगड रोवलेले असत. देणे फिटले नाही तर धनको त्यालाच गुलाम म्हणून विके, कित्येकांना तर परदेशात. यादवीची वेळ आली तेव्हा इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलोनच्या हाती अधिकार दिले गेले. त्याने ते दगड उपटवले, देणी रद्द केली, परदेशी विकलेल्यांपैकी अनेकांना परत आणले, आणि यापुढे माणसाच्या देहाच्या तारणावर कर्ज देण्यास बंदी केली. श्रीमंत चिडले. गरीबही नाराजच, कारण जमिनीची फेरवाटणी त्याने केली नाही. अथेन्सची लोकशाही आपण क्लेइस्थेनिसपासून, म्हणजे इ. स. पूर्व ५०८ पासून शिकवतो. माझ्या मते तिचा पाया इथे पडला. ज्याला सावकार उद्या बाजारात उभा करू शकतो, तो आज सभेत त्याच्याविरुद्ध हात वर करील काय? मात्र मुलांना हेही सांगा की ही सुटका अथेन्सच्या नागरिकांपुरतीच होती. बाहेरून विकत आणलेले गुलाम राबतच राहिले.

रोमनेही इ. स. पूर्व चौथ्या शतकात असाच कायदा केला.

आता आपल्याकडे या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. लूट झाली, पण त्यांचा खरा डोळा कर्जखतांवर होता. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तर बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावीत नसे. कागद जाळले की काम झाले! त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कर्जापायी राबणाऱ्या वेठबिगाराचे देणेच रद्द ठरवणारा देशव्यापी कायदा मात्र १९७६ साली झाला.

एखाद्या मुलाच्या घरी पणजोबांच्या वेळचे कर्जखत असेल, तर ते वर्गात आणायला सांगा. व्याजाचा दर काय, तारण काय, अंगठा कुणाचा, हे मुलांकडून वाचून घ्या, आणि मग हम्मुराबीचे ४८ वे कलम फळ्यावर लिहा.