लाकडी फणी घ्यावी काय?

मागे ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर गेलेल्या आमच्या वहिनी परतताना धुळ्याच्या पाच कंदील बाजारात थांबल्या आणि एक कंगवा घेऊन आल्या. कडुनिंबाच्या लाकडाचा, रुंद दातांचा, वर पानाची नक्षी कोरलेला. याने केस गळायचे थांबतात, कोंडा जातो, पांढरे झालेले केसही काळे होतात, असे विकणाऱ्याने सांगितले होते. सासूबाईंनी कंगवा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि एकच विचारले, "कितलाले?" दीडशे रुपये ऐकल्यावर त्यांनी तो कंगवा खाटेवर ठेवला आणि त्या काही बोलल्या नाहीत. निंदणीला जाणाऱ्या बाईची ती अर्ध्या दिवसाची मजुरी. मग दोन दिवस घरात त्यावरूनच बोलणे चालले, आणि शेवटी "तूच सांग गं, तू पेपरात लिहितेस" म्हणून ते माझ्यावर आले.

लाकडी फणी आपल्याकडे नवी नाही. प्लास्टिक येण्याच्या आधी घरोघर लाकडाची किंवा शिंगाची फणीच होती. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. जाड बाजूने गुंता काढायचा, बारीक बाजूने उवा. सुया, पोत, दाभण विकणाऱ्या बाया दारावर येत, त्यांच्या टोपलीत फण्याही असत. आपण अजूनही "वेणीफणी झाली का?" असेच विचारतो, वेणीकंगवा म्हणत नाही. लाकूडही कसलेही चालत नसे. आपल्या सातपुड्यात हळदूचे झाड आहे, त्याला हेदही म्हणतात. त्याचे पिवळसर, एकसारख्या पोताचे लाकूड फण्यांसाठी नावाजलेले. कळंबाच्याही फण्या होत. शेजारच्या मध्य प्रदेशात उज्जैन, रतलामकडे शिसवी फण्या करणारे कारागीर आहेत.

शब्दही जुना आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या केसांविषयी नियम आहेत. केस दोन महिन्यांहून किंवा दोन अंगुळांहून अधिक वाढू देऊ नयेत आणि ते 'फणका'ने विंचरू नयेत, असे तिथे सांगितले आहे. हा पाली फणक म्हणजे आपल्या फणीचाच नातलग. उपासक-उपासिकांना असले काही बंधन नाही, तेव्हा वहिनींनी काळजी करू नये. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आणि तिचा साज घेऊन उभ्या असलेल्या दासी रंगवल्या आहेत. जळगावहून शाळेची सहल तिथे गेली की मास्तर राजकन्या दाखवतात. माझी नजर दासींकडे जाते.

आता मुद्द्याचे. कंगव्याने केस गळायचे थांबतात काय? नाही. चांगल्या निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. जुने गळतात, नवे येतात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने येतात तेव्हा बाई घाबरते, पण बहुधा ते काही महिन्यांत आपोआप थांबते. अंगात रक्त कमी असेल, म्हणजे लोह कमी असेल, तरी केस गळतात. आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. सगळ्यांची ताटे वाढून झाल्यावर उरलेले खाणारी बाई कडुनिंबाच्या कंगव्याने कितीही विंचरली तरी तिच्या अंगात लोह येणार नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे, गोळ्या मिळतात त्या घ्याव्यात. कोंड्याचे कारण डोक्याच्या कातडीवर वाढणारी बुरशी. त्यालाही औषध आहे आणि ते औषध म्हणजे कंगवा नव्हे. पांढरा केस काळा करणारे लाकूड अजून कुठल्या जंगलात उगवलेले नाही. कडुनिंब गुणकारी आहे हे खरे, पण वाळलेल्या, घासलेल्या, पॉलिश केलेल्या लाकडातला गुण केसात उतरतो याला काही पुरावा नाही.

मग दीडशे रुपये पाण्यात गेले काय? तसेही नाही. स्वस्त प्लास्टिकचा कंगवा साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या दातांवर जोडाची बारीक धार राहते. नखाने चाचपून पाहा, लागेल. ती धार केस खरवडते आणि केस मधेच तुटतो. शिवाय आपल्याकडची थंडी कोरडी. डिसेंबर-जानेवारीत प्लास्टिकने विंचरले की केस उभे राहतात, कंगव्याला चिकटतात, चटचट आवाज येतो. शाळेत कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग केला होता, तीच वीज. लाकडात ती तशी साठत नाही. लाकूड थोडे तेल धरून ठेवते आणि विंचरताना ते केसभर पसरते. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांच्या केसात रुमाल बांधूनही रुईचे तंतू अडकतात. ते काढायला रुंद, गुळगुळीत दातांची लाकडी फणी बरी पडते. पण गुळगुळीत दातांचा प्लास्टिकचा कंगवा मिळाला तर तोही जवळजवळ तेवढेच काम करतो, आणि वीस रुपयांत करतो. खरा फरक विंचरण्याच्या रीतीने पडतो. ओला केस कमजोर असतो, ताणला की तुटतो. न्हाल्याबरोबर कंगवा घालू नये. आधी टोकाकडचा गुंता सोडवावा, मग हळूहळू वर यावे. आपण सकाळच्या घाईत नेमके उलटे करतो. पोरीची शाळेची वेळ झालेली असते आणि आपण मुळापासून खस्सकन कंगवा ओढतो.

आणि उवा. याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात यावरून एक पोर जाता जाता वाचली आहे.

माझी चुलत बहीण तेव्हा चौथीत होती. डोक्यात उवा झाल्या म्हणून तिला शाळेतून दोनदा घरी पाठवले. दुसऱ्यांदा पाठवताना वर्गासमोर बाई म्हणाल्या, "तुमच्या वस्तीतल्या पोरी अशाच." पोरगी रडत आली. काकू दिवसभर कापूस वेचून आलेल्या, कोपऱ्यात कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली. उद्या पोरीला कोणी बोलायला नको, या एकाच विचाराने काकूंनी तेलात थोडे औषध कालवले, तिच्या डोक्याला चोळले आणि वर फडके बांधले. तासाभरात पोरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, घामाने अंग भिजले, उलट्या सुरू झाल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणले, तिथून जीप मिळाली. दवाखान्यात आधी डोके धुतले, मग सलाईन, इंजेक्शने. चौथ्या दिवशी ती घरी आली, डोक्यावर एकही केस नव्हता. काकूंनी त्यानंतर कितीतरी वर्षे स्वतःच्या केसात फूल माळले नाही.

शेतातली विषारी औषधे कातडीतून अंगात जातात. उवांसाठी ती कधीही वापरू नका. कोणी चुकून वापरलेच तर कपडे काढा, साबणपाण्याने डोके आणि अंग भरपूर धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. रॉकेलही नको. कातडी भाजते, आणि चूल जवळ असते.

उवा घाणीमुळे होत नाहीत, ही गोष्ट त्या शाळेतल्या बाईंना कोणी सांगितली नव्हती. ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती एकीच्या केसातून दुसरीच्या केसात चालत जाते, मग ते केस रोज धुतलेले असोत की नसोत. ती केसाच्या मुळाशी लीख चिकटवते आणि आठवडा-दहा दिवसांत लीख फुटते. म्हणून एकदा विंचरून भागत नाही. केस ओले करून त्यांना तेल किंवा शॅम्पू लावावा, दातांत फट नसलेली बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्याला पुसावी. इथे रुंद कंगवा नसून बारीक फणी असते, आणि तेलाने केस निसरडे झालेले असतात, म्हणून मुळापासून चालते. असे तीन-चार दिवसांनी एकदा, निदान दोन आठवडे करावे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहावीत. दवाखान्यातून उवांचे औषध मिळते, तेही सांगितल्याप्रमाणेच लावावे.

या कामाला मात्र लाकडी फणी मी सुचवणार नाही. लाकडाचे बारीक दात लवकर मोडतात, एक दात मोडला की तेवढ्या फटीतून लीख सुटते. आणि ही फणी वापरल्यावर कडक पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावी लागते. लाकूड त्याने फुगते आणि तडकते. स्टीलच्या बारीक दातांची फणी घ्या. जळगावच्या फुले मार्केटमध्ये बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात विचारले तर मिळते.

लाकडी घ्यायचीच असेल तर दात लाकडाच्या रेषेच्या दिशेने कापलेले आहेत ना ते पाहा, आडवे कापलेले असतील तर महिन्यात मोडतील. उजेडासमोर धरून चीर आहे का बघा. ओल्या फडक्याने घासून पाहा, रंग उतरला तर ते साधे लाकूड रंगवून शिसव म्हणून विकलेले आहे. मनगटाच्या आतल्या बाजूवर दात फिरवा, ओरखडा उठला तर परत ठेवा. पाण्यात भिजत टाकू नका. पंधरा दिवसांनी जुन्या दातब्रशने दातांमधला मळ काढून खोबरेल तेलाचे बोट फिरवा. भावाबद्दल विकणाऱ्याशी घासाघीस करायला लाजू नका.

वहिनींचा कंगवा आता सासूबाईच वापरतात. दुपारी ओट्यावर बसून विंचरतात, हाताला आलेली गुंतवळ बोटाला गुंडाळतात आणि खिडकीतल्या डब्यात टाकतात. केसांवर भांडी देणारा फेरीवाला आला की तो डबा त्याच्यापुढे ठेवायचा आणि दीडशे रुपये वसूल करायचे, असे त्यांनी ठरवले आहे.