गाडी सजवायला कर्ज काढावं का?

मागून प्रश्न आलाय, अलॉय व्हील आणि लाइटसाठी कर्ज काढावं का? हिशेब मांडू. 60 हजार रुपये, व्याज 16 टक्के, मुदत 3 वर्षं. हप्ता बसतो साधारण 2,110. एकूण फेड जवळजवळ 76 हजार. आता आपल्या चिखली-मेहकरकडे सोयाबीनचा पैसा येतो दिवाळीच्या सुमारास, हप्ता मात्र दर महिन्याला! गाडी विकताना या सजावटीचे पैसे क्वचितच सुटतात. शिवाय आरसीवरची कंपनीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. सीएनजीचं वेगळं. मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, जवळ पंप आणि गाडी रोज भाड्याने धावणारी असेल, तर हप्ता इंधनाच्या बचतीतून निघू शकतो.