दिव्यांग बालकांचे पालक आणि शिक्षकाची पूर्वतयारी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २४ अन्वये पालकांच्या नियमित सभा घेऊन पाल्याची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती त्यांना कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य करून समावेशक शिक्षणाचे उत्तरदायित्व शाळांवर सोपविले. तथापि ‘कळविणे’ आणि ‘सहकार्य करणे’ या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीत माहिती शिक्षकाकडून पालकाकडे जाते. दुसरीत ती दोन्ही बाजूंनी यावी लागते.

एका साध्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलाची तहान त्याच्या आईला नजरेवरून कळते. ही खूण ठाऊक नसलेला शिक्षक त्याच्या अस्वस्थतेस हट्ट समजतो. अशा वेळी आईचे ज्ञान हेच अध्यापनाचे पहिले साधन होय.

इंग्लंडमधील वॉर्नॉक समितीने १९७८ च्या अहवालात पालकांना भागीदार मानून त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. तत्पूर्वी १९६९ साली अमेरिकेतील पोर्टेज या गावी सुरू झालेल्या योजनेत शिक्षक दर आठवड्यास घरी जाई. आठवड्याभरात साध्य होईल असे लहानसे उद्दिष्ट पालकांसमवेत ठरवी, आणि रोजचा सराव व नोंद पालक करीत.

मराठवाड्यात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. विशेषतः बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी कित्येक महिने स्थलांतर करतात. मूल गावी राहिल्यास आजी हीच त्याची पालक ठरते. तिला अक्षरओळख नसेल, तर सभेच्या लेखी सूचनेचा उपयोग काय? तिच्या दारी जाऊन, तिच्या कामाच्या वेळा सांभाळून, तिच्याच शब्दांत उद्दिष्ट मांडणे हे कौशल्य आहे. आणि कौशल्य केवळ सहानुभूतीने येत नाही, ते शिकवावे लागते.

यास्तव छत्रपती संभाजीनगर व परिसरातील अध्यापक महाविद्यालयांनी आंतरवासितेच्या काळात प्रत्येक छात्रशिक्षकाकडे एक कुटुंब सोपवावे, अशी सूचना करावीशी वाटते. आरंभीच्या भेटींत त्याने सल्ला न देता केवळ ऐकावे व नोंदी कराव्यात. नंतर पालकांच्या संमतीने एक उद्दिष्ट ठरवावे. पाठाप्रमाणेच या कामाचेही निरीक्षण व मूल्यमापन व्हावे. कारण जे तपासले जात नाही, ते अभ्यासक्रमात असूनही शिकविले जात नाही.