कसारा लोकलमधलं कलम १२४

वासिंद गेलं की डब्यात जरा श्वास घेता येतो. आसनगावला निम्मा डबा रिकामा होतो आणि मग चपला काढून, समोरच्या बाकावर पाय टेकवून पुस्तक उघडता येतं. आमचा खरा तास तिथून सुरू होतो. संध्याकाळी मी कल्याणच्या बाजूला एका विधी महाविद्यालयात राज्यघटना शिकवते, तासिका तत्त्वावर. घंटा वाजली तर पैसे, सुट्टी लागली तर तास बुडाला. दिवसा वकिली: कधी शहापूर, कधी मुरबाड, अपील असेल तर कल्याण. कसाऱ्यात मी वकीलबाई आणि वर्गात मॅडम.

परतीच्या गाडीत दोन-तीन विद्यार्थी सोबत असतात. त्यातली एक विहीगावच्या अंगाची, ठाकूर समाजातली. रात्री कसाऱ्याहून पुढे जीप मिळत नाही, म्हणून आठवडाभर मावशीकडे राहते. परवा आटगाव सुटल्यावर तिने राज्यघटनेची मराठी प्रत माझ्यासमोर धरली. कलम १२४, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. तिसऱ्या खंडात पात्रता दिलेली आहे: पाच वर्षं उच्च न्यायालयात न्यायाधीश, किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत कायदेपंडित. या तिसऱ्या पात्रतेखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती.

"मॅडम, म्हणजे प्रोफेसर पण न्यायाधीश होऊ शकतो?"

"होऊ शकतो."

"मग कोण झालं?"

"कोणीच नाही. अजून."

थानशीत येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "मग लिहिलंय कशाला?"

या प्रश्नाचं अर्धं उत्तर संविधान सभेत सापडतं. २४ मे १९४९ रोजी सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. कायदेपंडितांसाठी दार उघडं ठेवा, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी मांडली आणि ती घटनेत आली. अमेरिकेत दहाच वर्षांपूर्वी, १९३९ मध्ये, हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर थेट वर्गातून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. पुढच्या काळात इंग्लंडमध्ये ब्रेंडा हेल यांनी मँचेस्टर विद्यापीठात अठरा वर्षं कायदा शिकवला आणि २०१७ मध्ये त्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षा झाल्या. आपल्याकडे मात्र हे दार रंग देऊन, कुलूप लावून ठेवलेलं आहे.

त्याच दिवशी, त्याच चर्चेला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर जे बोलले ते मी दर वर्षी वर्गात सांगते. बाबासाहेब स्वतः कायद्याचे प्राध्यापक. १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी १९३६ मध्ये लेखही लिहिला. नेमणुका आणि शिक्षण, दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते. सभेत काही सदस्यांचा आग्रह होता की सरन्यायाधीशांची संमती असल्याशिवाय कोणाचीही नेमणूक होऊ नये. बाबासाहेबांनी नकार दिला. सरन्यायाधीश कितीही मोठे असले तरी तेही माणूसच, चारचौघांसारखे त्यांनाही राग-लोभ आणि पूर्वग्रह असणार, एवढी सत्ता एकट्याच्या हाती नको, असा त्यांचा मुद्दा. सगळा कारभार सरकारकडे द्यायलाही ते तयार नव्हते. म्हणून त्यांनी मधला शब्द धरला, 'विचारविनिमय'.

या एका शब्दाची पुढची पन्नास वर्षं ओढाताण झाली. मार्च १९८१ मध्ये केंद्रीय कायदामंत्र्यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक पाठवलं: अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात बदलीला तयार असल्याचं लिहून घ्या. मुंबईत इकबाल छागला आणि त्यांचे सहकारी वकील त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. अशा सगळ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये निकाल दिला, विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला आणि नेमणुकीत सरन्यायाधीश व त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा शब्द वरचढ ठरला. १९९८ मध्ये या मंडळाची संख्या पाच झाली. वर्तमानपत्रात येतं ते 'कॉलेजियम' हेच. बाबासाहेबांनी जे नाकारलं होतं, जवळपास तेच मागच्या दाराने आलं, असं मी वर्गात म्हणते. एका सहकाऱ्याला ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, सरकारच्या हाती देण्यापेक्षा हे बरं. आमचा वाद दर वर्षी होतो आणि दर वर्षी चहावर मिटतो.

मधे एकदा गोष्ट वेगळीकडे जाणार होती. ९९व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या आणि त्यातली एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांमधून घेण्याची अट होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो आयोग रद्द झाला. न्यायालयाच्या स्वातंत्र्यासाठी निकाल योग्यच होता असं मला वाटतं. पण त्या आयोगाबरोबर तेवढी एक ओळही वाहून गेली, आणि तिच्याबद्दल फार कोणी हळहळलं नाही.

संसदीय समितीसमोर आलेला एक आकडा मी फळ्यावर लिहिते. २०१८ ते २०२२ या काळात देशभरच्या उच्च न्यायालयांत ५३७ न्यायाधीश नेमले गेले. त्यात अनुसूचित जमातीचे १.३ टक्के. हिशेब केला तर सात जण. खालच्या कोर्टांच्या भरतीत आरक्षण आहे, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात नाही.

कोणी विचारेल, न्यायाधीश कुठल्या गावचा, याने निकालात काय फरक पडतो? मी पाहिलेली एक साक्ष सांगते. कोर्ट कुठलं ते सोडून द्या. जमिनीचा वाद होता आणि साक्षीला पाड्यावरची म्हातारी उभी होती. त्या दिवशी तुम्ही कुठे होता, असं विचारल्यावर ती म्हणाली, "राब भाजाया गेल्ते." साहेब लांबच्या जिल्ह्यातले, सज्जन माणूस. त्यांनी स्टेनोकडे पाहिलं, स्टेनोने वर पाहिलं आणि नोंद झाली: 'शेतीच्या कामाला गेले होते.' संपलं. आता आमच्याकडे राब म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. हिवाळ्यात झाडाच्या फांद्या, म्हणजे टहाळ, छाटायच्या, वाळवायच्या, भाताच्या रोपांसाठी जी जागा करायची तिथे शेण, पातेरा, माती यांच्या थरात घालून उन्हाळ्यात जाळायच्या. म्हणजे एका शब्दात बाईने महिना सांगितला होता, जागा सांगितली होती, कब्जा कोणाचा हेही सांगितलं होतं. परक्याच्या वावरात राब कोण भाजेल? उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं, "वैशाखात कुठली शेती करत होता आजी?" म्हातारी गोंधळली. मी फेरतपासणीत तो शब्द परत रेकॉर्डवर आणला, पण त्यासाठी मला राब माहीत असावा लागला. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली आहे. कोणाची मराठी, ते अधिसूचनेत कसं लिहिणार?

मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर पुण्या-दिल्लीच्या चार प्राध्यापकांकडे आहे. खुर्ची मिळाली नाही तरी माणसं गप्प बसत नाहीत.

देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. २६ मार्च १९७२ च्या रात्री पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार. निकाल कायद्याच्या अहवालात छापून आला आणि कपाटात गेला. असे शेकडो जातात.

हा मात्र चार जणांनी बाहेर काढला. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार, पुण्याचे रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. चौघेही कायद्याचे शिक्षक. १६ सप्टेंबर १९७९ रोजी त्यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात, दोन गणवेशधाऱ्यांसमोर, त्या वयाच्या गरीब मुलीने ओरडायचं तरी कोणाकडे बघून? शरण जाणं आणि संमती देणं यातला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कळू नये? असा त्या पत्राचा रोख होता. तेव्हा प्राध्यापकाने न्यायालयाला असं तोंडावर विचारणं धाडसाचंच होतं.

पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला, ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा फेरविचार केला नाही. ते दोघे पोलीस सुटले ते सुटलेच. पण १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला, पीडितेचं नाव छापायला बंदी आली, आणि तेव्हाच्या पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं: ताब्यात असलेल्या बाईने संमती दिली नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं. हे कलम मी शिकवते तेव्हा वर्गातली मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबते.

पण पुढचे केळकर-धागमवार कुठून येणार? राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा इंग्रजीत आणि फी हजारांच्या घरात. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातले प्राध्यापक शमनाद बशीर यांना आपल्या वर्गात सगळी एकाच थरातली मुलं दिसली. त्यांनी २०१० मध्ये 'इडिया' ही संस्था काढली, खेड्यापाड्यातली, वंचित घरांतली, अंध-अपंग मुलं हेरून त्यांना तयारी करून देण्यासाठी. बशीर २०१९ मध्ये अकाली गेले, संस्था चालू आहे. महाराष्ट्राची विधी सीईटी मराठीतही देता येते, म्हणून आमच्या गाडीतली मुलं निदान फलाटावर तरी पोचतात.

समानतेच्या तासाला मी बँकरचं उदाहरण देते. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढ ३७ ला १. गाडी घाटात चढवायची तर कसाऱ्यात मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. माझे वडील रेल्वेत होते, त्या इंजिनांच्या आवाजावर आमच्या घरातल्या जेवणाच्या वेळा ठरायच्या. दीडशे वर्षांहून जास्त काळ गाड्या या घाटातून जातात, पण नाशिकला उतरलेला प्रवासी कधी म्हणाला नाही की ही गाडी ढकलून आणली, हिची लायकी कमी. पोरं हसतात. मुंबईकडून आलेल्या एकाला बँकर म्हणजे बँकेतला माणूस वाटला होता.

शिकून झालं तरी घाट संपत नाही. सनदेसाठी राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५, मुद्रांक शुल्क सोडलं तर त्यावर काही नाही. त्या दिवशी बार रूममध्ये मी पेढे वाटले होते. मग २० मे २०२५ ला दुसरा निकाल आला. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. तत्त्वतः मला हे मान्य आहे. ज्याने कधी वकीलपत्र दाखल केलं नाही, पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात दिवस काढला नाही, त्याने खुर्चीवर बसू नये. पण तालुक्याच्या कोर्टात ज्युनियरला मिळतं काय? चहा, झेरॉक्सचे पैसे, आणि सीनियर खुशीत असले तर दिवाळीला पाकीट. ज्याच्या वडिलांचं मुंबईत ऑफिस आहे त्याची तीन वर्षं अशीच निघतात.

हे सगळं खर्डी ते उंबरमाळी एवढ्या वेळात सांगून झालं. मुलीने पुस्तक मिटलं.

"मॅडम, प्रोफेसर नको. मला आधी आपल्याकडचं खालचं कोर्ट चालेल," ती म्हणाली. "पण तीन वर्षं कोणाकडे बसू?"

कसारा आलं होतं. फलाटावर तिची मावशी बॅटरी घेऊन उभी होती. मी म्हटलं, सोमवारी साडेदहाला शहापूरला ये, आतापासूनच ये, सनद मिळेपर्यंत निदान बोर्ड वाचायला तरी शिकशील. गाडीभाडं माझ्याकडे.

बार रूममध्ये माझ्या टेबलाला एकच खुर्ची होती. शिपायाने अडगळीतून दुसरी आणून दिली. तिचा एक पाय आखूड आहे, खाली जुन्या फायलीचा पुठ्ठा दुमडून घातलाय. गेल्या सोमवारी ती त्यावर बसून एका जबानीची नक्कल उतरवत होती. मधेच थांबून म्हणाली, "मॅडम, इथं 'लाकडं' लिहिलंय. आजोबा 'टहाळ' म्हणाले असतील. विचारून येऊ?"