बायपासनंतरचा विसर आणि जीवनसत्त्वाची गोळी

शस्त्रक्रिया यशस्वी होते, टाके भरतात, आणि घरी परतलेले वडील सोयाबीनची सोंगणी उरकल्यावर मुलाला विचारतात, "पेरणी झाली का रे?" आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून अकोला, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन बायपास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल असे बोलणे मी पुष्कळदा ऐकतो. "छाती उघडली अन् डोकं गेलं," असा गावचा निष्कर्ष असतो.

तो अगदीच खोटा नाही. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात घरी जाताना ५३ टक्के बायपास रुग्णांची बुद्धी मंदावलेली आढळली. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. पाच वर्षांनी मात्र पुन्हा ४२ टक्के झाले. पुढे मात्र शस्त्रक्रिया न केलेल्या हृदयरुग्णांतही काळाच्या ओघात अशीच घसरण दिसली. म्हणजे सारा दोष सुरीचा नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करणारा आजार मेंदूच्याही करतो.

मग घरात 'ताकदीच्या' गोळ्या येतात. येथे सावध राहिले पाहिजे. सेलेनियम हे अंगाला लागणारे सूक्ष्म द्रव्य. जर्मनी आणि कॅनडातील सुमारे १४०० हृदयशस्त्रक्रिया रुग्णांवर त्याचे मोठे डोस तपासले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, मृत्यू किंवा अवयव निकामी होणे कमी झाले नाही. आणि जास्तीचे काय होते? २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगावसारख्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले.

पण जिथे खरोखर कमतरता आहे, तिथे गोष्ट वेगळी. ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस-मासळीतून मिळते. भाकरी, वरण, भाजीत ते नसते. आमच्याकडे माळकरी घरे पुष्कळ, आणि दूध बहुधा चहापुरते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात, २००६ साली, ६७ टक्क्यांत ब-१२ कमी असल्याचे दाखवले. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोजची गोळी असली, तर ते आणखी घटते. पायाला मुंग्या, थकवा, विसर ही त्याची लक्षणे. घरचे त्यांना 'वय झालं' म्हणतात. नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ब-१२ तपासून घ्यावे. कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शनने किंवा गोळीने भरून काढावे. कमी नसेल तर गोळी बुद्धीचे कवच होते, असा पुरावा नाही. कृत्रिम झडप बसवलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही मल्टिव्हिटॅमिन घेऊ नये. त्यातले 'के' जीवनसत्त्व रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर कमी करते.

आणि ज्यांना पैसे पडत नाहीत ते उपाय आधी करावेत. शुद्धीवर येताच चष्मा आणि कानाचे यंत्र हाती द्यावे, रात्री झोप मोडू नये, डॉक्टर म्हणतील तेव्हा लवकर चालवावे, जवळ ओळखीचा चेहरा असावा. गोंधळलेल्या म्हाताऱ्याला वार, गाव, नातवंडांची नावे शांतपणे सांगत राहावीत. दवाखान्याच्या खाटेशेजारी बसलेल्या मुला-सुनेला हे काम कुणी सांगितलेले नसते. ते सांगायला हवे.